कॅमेरा ऑटोवर ठेवा

गळ्यात दुसऱ्याचा कॅमेरा असताना आपटा नावाच्या स्टेशनवर उतरू नये, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. फलाटावर पिवळी पाटी आणि तिच्यावर काळ्या ठळक अक्षरांत 'आपटा'. भाऊसाहेबांनी ती वाचली, छातीवर लोंबणारा कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि म्हणाले, "हे गावाचं नाव आहे की हुकूम?"

भाऊसाहेब म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तरी घरीदारी सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात आणि मीही. आम्ही अमरावतीची माणसं. आमच्याकडे आपटा म्हणजे दसऱ्याला सोनं म्हणून लुटायची पानं. त्या नावाचं पाताळगंगेच्या काठी, पनवेलपासून थोड्याच अंतरावर एक गाव असेल आणि आमची मेघना त्या गावची सून होईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. परत आल्यापासून वाचक मंडळातल्या बायका विचारतात, "पनवेलला बघण्यासारखं काय आहे हो?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खरं सांगायचं तर आम्ही तिकडे पाहिलं थोडं आणि धावपळच जास्त केली.

रोडपाली

मेघना आणि आमचा जावई निलेश कळंबोलीत रोडपाली नावाच्या भागात राहतात. निलेश मूळ आपट्याचा. जानेवारी महिना होता. पुढच्या आठवड्यात तो दोन वर्षांसाठी मस्कतला नोकरीला जाणार होता आणि मेघना काही महिन्यांनी त्याच्यामागे. म्हणून आम्ही निघालो. प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. भाऊसाहेब बसल्या जागी झोपले आणि मी सामान राखत जागी राहिले, आमचे सगळे प्रवास असेच होतात.

पहिली गंमत सकाळीच. आमच्याकडे शेजारीण दारात आली की विचारते, "भाजी काय केली?" इथे जिन्यात भेटलेल्या बाईंनी मेघनाला विचारलं, "आज मावरं काय?" मावरं म्हणजे मासळी. सोमवार-गुरुवार सोडला तर यांचा दिवस त्या उत्तरावर ठरतो. भाऊसाहेब मटण खाणारे गृहस्थ, पण माशाच्या काट्याला पोलिसासारखे घाबरतात. त्यांनी हळूच विचारून घेतलं, आज वार कोणता आहे म्हणून.

जेवणं झाल्यावर निलेशने कपाटातून एक काळी बॅग काढली. आत त्याचा डीएसएलआर, म्हणजे मोठा, भिंग बदलता येणारा कॅमेरा. पहिल्या पगारातून जुनाच घेतलेला, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, पण त्याने जिवापाड जपलेला. तो भाऊसाहेबांच्या हातात देत म्हणाला, "बाबा, हा तुम्ही घेऊन जा. सामानाचं वजन आधीच जास्त झालंय. तिकडे नेऊन खराब होण्यापेक्षा तुमच्याकडे राहील."

भाऊसाहेबांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा झाला. त्यांनी तो गळ्यात घातला आणि आरशात बघून आले.

आता माझी बाजू. माझ्याकडे माझा स्वतःचा कॅमेरा होता. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सहकारी शिक्षिकांनी वर्गणी काढून दिलेला, साबणाच्या वडीएवढा, चंदेरी. पर्सच्या पुढच्या कप्प्यात बसतो. कोणाला कळतही नाही की बाईंकडे कॅमेरा आहे. पाठीमागे चांगला मोठा पडदा, काढलेला फोटो चष्म्याशिवाय दिसतो. तो असताना हे काळं धूड कशाला? भाऊसाहेब दोन दिवस गळ्यात घालतील आणि तिसऱ्या दिवसापासून ते मी वागवीन, हे मला पस्तीस वर्षांच्या संसाराने शिकवलेलं होतं.

"घरात एकच कॅमेरा राहील," मी जाहीर केलं.

"मग हाच," भाऊसाहेब म्हणाले.

"मग माझा."

मेघनाने डोक्याला हात लावला. निलेश मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आई, बाबा, कुठलाही ठेवा. पण मी जायच्या आत कुणीतरी माझ्या आजीचा एक फोटो काढून द्या."

आपट्याच्या या आजी. निलेशचे वडील तो लहान असताना गेले, आई त्याआधीच. आजींनीच त्याला वाढवलं. आणि या बाईंचा एकही धड फोटो नाही. मेघनाच्या लग्नाचा अल्बम आम्ही पुन्हा उघडला. एका फोटोत भटजींच्या मागून निघालेला पदर म्हणजे आजी, दुसऱ्यात खांबाला फुटलेलं कोपर म्हणजे आजी. ओळखपत्रावर एक फोटो आहे, पण त्यात आजी आहेत की आजोबा हे सांगता येत नाही. कॅमेरा दिसला की, अगदी मोबाइलचासुद्धा, त्या उठतात. चार वर्षं निलेश मागे लागला होता.

"दोन वर्षं तिचा चेहरा दिसणार नाही," तो म्हणाला आणि उगाच बॅगेची चेन लावत बसला.

मला फार वाईट वाटलं. मेघनाने मग निकाल दिला. ज्या कॅमेऱ्याने आजींचा फोटो येईल तो अमरावतीला जाईल. मोठा हरला तर तो पनवेलच्या स्टुडिओवाल्या मित्राला द्यायचा. माझा हरला तर तो निलेश खिशात घालून मस्कतला नेईल. मी ताबडतोब कबूल झाले. एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, त्यात काय एवढं!

संध्याकाळी आम्ही पनवेलला वडाळे तळ्यावर सराव केला. काठावर एक बगळा उभा होता. भाऊसाहेबांचा कॅमेरा इतका जुना की मागच्या पडद्यात बघून फोटो काढता येत नाही, भोकाला डोळा लावावा लागतो. ते चष्मा वर करत, मग खाली करत, मग चुकीचा डोळा मिटत. शेवटी खट्‌ असा आवाज आला. फोटोत बगळा होता, पण तळं, आकाश, समोरच्या इमारती सगळंच बगळ्याइतकं पांढरं झालेलं. कुठलं तरी चाक त्यांनी फिरवलं होतं आणि कुठलं ते आठवत नव्हतं. मी माझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. त्याने आधी मान बाहेर काढली, जरा विचार केला, मग फोटो काढला. तळं सुरेख आलं, रंग अगदी खरे. बगळा मात्र तेवढ्यात उडून गेला होता.

"तुझा कॅमेरा सरकारी आहे," भाऊसाहेब म्हणाले. "अर्ज केल्यावर सावकाश काम करतो."

आपटा

दुसऱ्या दिवशी मेघनाला घेऊन आम्ही रेल्वेने आपट्याला गेलो. पाटीचा प्रसंग वर सांगितला आहे. स्टेशनाबाहेर झाडं, पलीकडे नदी, लांबवर कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा. आमच्या बाजूला जानेवारीत शेतं ज्वारीने, हरभऱ्याने भरलेली असतात. इथे भात कापून झालेलं, आणि रिकाम्या खाचरांत वाल पेरलेला. दारात निलेशचे काका उभे होते, दामूकाका. कमी बोलणारा, सारखा काहीतरी हाताने करत असणारा माणूस.

आजी पडवीत बसून कोयत्यावर मासे कापत होत्या. एवढीशी मूर्ती, नाकात नथ नाही पण तिचं भोक मोठं, हातात हिरव्या काचेच्या बांगड्यांऐवजी दोन जाड चांदीचे गोट. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले, मेघनाच्या गालावरून बोटं फिरवली आणि आम्हाला म्हणाल्या, "या, बसा. तुमी लांबनं आलाव. मावरं खाताव ना?"

भाऊसाहेब "हो हो" म्हणाले. वार बुधवार होता, सुटका नव्हती.

ओटीवर भिंतीला दोन मोठे फोटो होते. एक आजोबांचा, एक निलेशच्या वडिलांचा. दोन्हींना चंदनी हार, वर लाल दिवा. मी हात जोडले आणि विसरून गेले. तिथेच नीट बघितलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

जेवणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जिताड्याचं कालवण. जिताडा हा इकडचा मानाचा मासा, पाहुण्यासाठी मुद्दाम आणतात. भाऊसाहेबांनी पहिला घास भूसुरुंगावरून चालावं तसा चावला. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि त्यांनी दुसरी भाकरी मागितली. आजी खूश झाल्या. तोंडभर हसल्या. दोनच दात, पण काय हसणं! भाऊसाहेबांनी तोच क्षण पकडायला डाव्या हाताने कॅमेरा उचलला. उजवा कालवणात होता.

आजींचं हसू मावळलं. "तो मोठा फोटूचा डबा ठेव तिकडं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

"बघितलंत?" मी कुजबुजले. "एवढा तोफेसारखा रोखल्यावर कोण थांबेल? आता माझी पाळी."

माझा कॅमेरा त्यांना कॅमेरा वाटलाच नाही. त्या तपकिरीची डबी समजल्या असाव्यात. दुपारभर मी त्यांच्या मागे मागे फिरले. त्या विहिरीवर गेल्या, मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचार केला. फोटोत विहीर आली. त्या कोंबड्यांना दाणे टाकायला वाकल्या, मी बटण दाबलं. फोटोत कोंबड्या आल्या, एक तर अगदी माझ्याकडे बघत. दारात वळल्या तेव्हा पदराचं टोक आलं. संध्याकाळी मेघनाने सगळे फोटो पाहिले आणि म्हणाली, "आई, आजी आत्ताच कुठून कुठून गेल्या याचा हा छान पुरावा आहे."

म्हणजे एका कॅमेऱ्यासमोर आजी थांबत नव्हत्या आणि दुसरा कॅमेरा आजींसाठी धावत नव्हता. निलेश जायला पाच दिवस उरले होते.

पोपटी

दामूकाकांनी शुक्रवारी पोपटीचा बेत ठरवला. आमच्याकडे थंडीत शेतावर हुरडा, तशी इकडे पोपटी. मडक्यात भांबुर्डी नावाच्या उग्र वासाच्या रानपाल्याचा थर द्यायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, मीठ, ओवा. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. मी विचारलं, शिजलं हे कळतं कसं? दामूकाका म्हणाले, "मडक्यावर पानी मारायचा. चर्र वाजला नि लगेच सुकला की झाला."

मडकी, कोंबडी आणि आम्ही दोघं, एवढा ऐवज पनवेलहून न्यायला निलेशने ओळखीची रिक्षा दिली. रशीदभाई चालवतात. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले, पंधरा वर्षं कुवेतला काढून आलेले, बोलणं मोठं अदबीचं. "तशरीफ ठेवा साहब, मडक्यांची फिकर नको, मी आहे," म्हणत त्यांनी मडक्यांखाली स्वतःची चादर घातली. निलेशला पनवेलमध्ये कागदपत्रांचं काम होतं, तो मागाहून मोटरसायकलवर येणार होता. मेघना कामावर.

आपट्याला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. रशीदभाई पडवीत चहा घेत होते. शेतात दामूकाका मडकं भरत होते आणि शेजारी बसून आजी त्यांना सूचना देत होत्या, मीठ कमी, शेंगा जास्त, पाला दाब. भाऊसाहेब पुन्हा कॅमेरा घेऊन पुढे सरकले. आजी पुन्हा उठायला लागल्या. आणि जो एक फोटो निघाला तो बगळ्यासारखा पांढरा.

वैतागून त्यांनी निलेशला फोन लावला. नेटवर्क तुटक. मी शेजारीच होते, इकडची बाजू मी ऐकली, तिकडची नंतर निलेशने सांगितली.

"अरे, फोटो पांढरे येऊन राहिले. आणि हा दिसला की आजी उठून जातात. काय करू मी?"

"बाबा, तुम्ही काही करू नका. कॅमेरा ऑटोवर ठेवा. बाकी सगळं तो बघतो."

"ऑटोवर?"

"हो, सरळ ऑटोवर. डोकंच लावू नका." आणि फोन कटला.

आता वाचकहो, तुम्ही अमरावतीचे आहात, मला सांगा. ऑटो म्हणजे काय? आपण राजकमल चौकात उभं राहून हाक मारतो ती कशाला? तीन चाकांच्या ऑटोलाच ना? पनवेल-मुंबईकडे त्या वाहनाला फक्त रिक्षा म्हणतात. ऑटो म्हटलेलं मी तिथे एकदाही ऐकलं नाही. आणि कॅमेऱ्यावर 'ऑटो' नावाची एक खूण असते, चाक तिथे फिरवलं की सगळी मापं कॅमेराच ठरवतो, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या छोट्याला तसलं चाकच नाही.

भाऊसाहेबांनी विचार केला. जावई हुशार आहे. कॅमेरा समोर असला की आजी बिचकतात, तर तो नजरेआड ऑटोवर ठेवावा आणि रशीदभाई तो बघतील. फार पटलं त्यांना. मलाही पटलं, हे कबूल करते. ते पडवीकडे गेले, कॅमेरा बॅगेत घातला आणि रिक्षाच्या सीटमागच्या फळीवर चादरीशेजारी ठेवून आले. परत येऊन मला म्हणाले, "ठेवला ऑटोवर. आता तो बघतो."

थोड्या वेळाने रशीदभाई हात हलवून ओरडले, "रसायनीला एक सवारी सोडून मगरिबपर्यंत येतो!" मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. आम्हीही हात हलवला. रिक्षा धूळ उडवत गेली.

जाळ पेटला. आजी अगदी मोकळ्या झाल्या होत्या. जाळाभोवती फिरत होत्या, काटकीने निखारे सारत होत्या, भाऊसाहेबांना चिडवत होत्या, "आता बरा दिसताव. परवाधरनं गल्यात काय धोंडा बांधला व्हता?" तेवढ्यात निलेश आला. मोटरसायकल उभी करून धावतच शेतात.

"बाबा, ठेवला ना ऑटोवर?"

"ठेवला तर!"

"मग? जमलं का?"

"जमलं ना बाप्पा. बघ, आजी कशा खुशीत आहेत."

"वा! दाखवा बघू."

"दाखवू कसा? गेला ना तो."

"कोण गेला?"

"ऑटो."

निलेशने कपाळाला आठ्या घातल्या. "ऑटो कसा जाईल? ते चाक तुटलं का?"

"चाक कशाला तुटेल? तिन्ही धड होती. रसायनीला गेला."

हे असं आणखी थोडा वेळ चाललं. दामूकाका जाळ सोडून उभे राहिले. शेवटी निलेशने खाली बसून, दोन्ही हातांनी कॅमेऱ्याचा आकार करून, अंगठ्याने ते न दिसणारं चाक फिरवून दाखवलं, तेव्हा उजेड पडला. भाऊसाहेबांचा चेहरा पार उतरला. मी हसायला तोंड उघडलं आणि निलेशकडे बघून मिटलं.

रशीदभाईंचा फोन लागेना. निलेश पुन्हा पुन्हा लावत होता. मग फोन खिशात घालून तो बांधावर बसला. "बाबा, तुमची चूक नाही," तो म्हणाला. "रशीदभाईंवर भरवसा आहे, पण मागे कोण सवारी बसली असेल काय माहीत. कॅमेरा गेला तर जाऊ दे. आजीचा फोटो राहिला. आता होत नाही."

आजींनी काटकी टाकली. "माझा फोटू तुला कशाला पायजे रं?"

निलेश काडीने मातीत रेघा ओढत राहिला.

"मना काय कलत नाय व्हय?" आजी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तू जायाचा ठरला नि समद्यांनी मोठा डबा घेतला नि माझ्या मागं लागलं. तुजी सासू पन कोंबड्यांचं निमित्त करून माझ्या मागं. तुज्या आज्याचा मोठा फोटू काढला नि तीन महिन्यांत भिंतीला लागला. तुज्या बापाचा तसाच. दोन वर्सांत म्हातारी काय टिकत नाय, म्हनून आदीच काढून ठेवताव. मी काय येडी हाय?"

मला ती ओटी आठवली. भिंतीवरचे ते दोन फोटो, ते हार. इतके दिवस आम्ही पैजा मारत या बाईंमागे धावलो आणि त्यांना वाटत होतं, आम्ही त्यांच्या मरणाची तयारी करतोय. आणि आमच्यापैकी एकानेही त्यांना साधं विचारलं नव्हतं.

निलेश उठून त्यांच्यासमोर बसला. "आजी, भिंतीसाठी नाही गं. मला खिशात ठेवायला पाहिजे. तिकडे कोण आहे माझं?"

"खिशात?"

"पाकिटात. एवढासा." त्याने बोटांनी माप दाखवलं.

आजींनी ते माप बराच वेळ बघितलं. मग त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "मंग तसा बोलायचा व्हता मेल्या! चार वर्सं नुसता पलवलास मना!" आणि डोळे पुसले. माझेही भरून आले होते, धुराचं निमित्त होतंच.

मी ताबडतोब पर्समधून माझा कॅमेरा काढला. आता आजी बसणार, हलणार नाहीत, म्हणजे माझी जीत. "बघा आजी, हा कसा छोटासा," म्हणत मी त्यांना नमुना म्हणून भाऊसाहेबांचा फोटो दाखवला. माझ्या त्या मोठ्या पडद्यावर भाऊसाहेबांचं तोंड काठोकाठ भरलेलं.

आजी मागे सरकल्या. "अगं बाय! ह्याचा केवडा मोठा येतो! नको, नको. ह्योच तो भिंतीचा!"

मी पुष्कळ समजावलं. उपयोग झाला नाही. आणि तेवढ्यात बांधापलीकडून भोंगा वाजला. रशीदभाई! रिक्षा बैलगाडीच्या वेगाने येत होती. ते उतरले ते दोन्ही हातांवर काळी बॅग घेऊन, बाळ आणावं तसे.

"साहब, तुमची अमानत," ते भाऊसाहेबांना म्हणाले. "रसायनीला चादर काढायला गेलो तर ही. तौबा! मोबाइलची बॅटरी खलास. येताना मांडीवर घेऊन आलो, रस्ता खराब, म्हटलं कुठे आपटू नये."

"आपट्यातच आपटला असता," दामूकाका म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे सर्वांत मोठं भाषण.

निलेशने कॅमेरा काढला, चालू करून पाहिला आणि त्यातला जुना एक फोटो पडद्यावर आणला, मेघनाचा. मी सांगितलंच आहे, कॅमेरा जुना. एवढ्या मोठ्या देहाला मागे पडदा जेमतेम काडेपेटीएवढा. आजींनी डोळे बारीक करून बघितलं.

"हा एवडासाच येतो?"

"एवढासाच," निलेश लगेच म्हणाला.

"मंग ह्या डब्यानं काढ. खिशातला हाय ह्यो." आणि माझ्या कॅमेऱ्याकडे बोट करून, "तो भिंतीचा घरी ने तुजा."

पस्तीस वर्षं मुलांना आकार-आकारमान शिकवलेल्या मी कॅमेरा परत पर्समध्ये टाकला. निलेशने कॅमेरा भाऊसाहेबांच्या गळ्यात घातला. "बाबा, तुम्हीच काढा. मी चाक फिरवलंय. आता ऑटोवर आहे."

'ऑटो' म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना रिक्षाकडे वळल्या. घडला प्रकार दामूकाकांनी चार शब्दांत रशीदभाईंना आणि आजींना सांगितला. आजींना आधी कळलं नाही. मग कळलं. त्या पदर सावरत तरातरा रिक्षाकडे गेल्या, मागच्या सीटवर मधोमध बसल्या, राणीसारखे दोन्ही हात पसरले आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, "घ्या! म्हातारी पन ऑटोवर ठेवली. बाकी तो बघतो!" आणि स्वतःच्याच विनोदावर दोन दात दाखवत असं हसल्या की रिक्षा हलली.

खट्‌. मोठ्या कॅमेऱ्याने विचारबिचार केला नाही. माझा असता तर आजी उतरून पोपटीपाशी पोचल्यावर रिकामी सीट टिपली असती.

मडक्यावर पाणी मारलं, चर्र वाजलं. वाफाळत्या शेंगा, अंडी, कोंबडी पेपरावर ओतली. भाऊसाहेबांच्या अंगावर धुराचा वास होता, बोटं मसाल्याने पिवळी झाली होती आणि तरी कॅमेरा गळ्यातून काढायला तयार नव्हते. रशीदभाई अंडी आणि शेंगा खात होते आणि दर दोन शेंगांनंतर म्हणत होते, "ऑटो! सुभानअल्ला!"

पासपोर्ट साइज

पनवेलच्या बाजारात निलेशच्या मित्राचा स्टुडिओ आहे. त्याने फोटो संगणकावर मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "काय सुंदर आलाय! बारा बाय अठराचा करून देतो, फ्रेमसकट." निलेश, भाऊसाहेब आणि मी एकदम ओरडलो, "नको!" तो दचकलाच. पासपोर्ट साइजच्या प्रतींचा कागद करून घेतला. मागची रिक्षा त्याने पुसून निळा पडदा घालायची तयारी दाखवली, तीही आम्ही नाकारली.

निलेश निघायच्या आदल्या दिवशी आजी स्वतः रोडपालीला आल्या, अर्थात रशीदभाईंच्या ऑटोतून. आता त्यांच्या मोहल्ल्यातही तो शब्द पसरला आहे म्हणे. आजींनी कात्री मागून घेतली, स्वतः फोटो कापले आणि प्रसाद द्यावा तसे एकेकाच्या हातावर ठेवले. निलेशला पहिला. तो वाकला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हितं ठेव. भिंतीला लावलास तर बघ." आम्ही उगाच स्वयंपाकघरात गेलो.

मी पैज हरले होते. शब्द पाळायचा म्हणून माझा चंदेरी कॅमेरा निलेशच्या सामानात ठेवला. जीव तुटला, खोटं कशाला बोलू? तो तिकडे वाळवंटाचे फोटो काढतो आहे. वाळवंट जागचं हलत नाही, त्यामुळे दोघांचं चांगलं जमतं. मोठा कॅमेरा अमरावतीत आहे आणि माझ्या भाकिताप्रमाणे तिसऱ्या दिवसापासून तो मीच वागवते. पर्समधला पुढचा कप्पा रिकामा झाला होता, तिथे आता रिक्षात बसलेल्या आजी आहेत.

दर रविवारी निलेश मस्कतहून दामूकाकांच्या फोनवर आजींशी बोलतो. मेघना सांगते, तब्येत कशी आहे असं तो विचारायला लागला की त्या उत्तरच देत नाहीत. आधी उलट विचारतात, "फोटू कुटं हाय?"

"खिशात आहे, आजी."

"मंग मी बरी हाय."